सही माझी आहे

एकोणतीस वर्षं मी तालुक्याच्या कॉलेजात अमेरिकेची राज्यघटना शिकवली. अमेरिका पाहिली नाही. मुंबईच मोजून चार वेळा पाहिली. पण ऐन उन्हाळ्यात खिडक्या लावून घटना लिहायला बसलेली ती माणसं मला भावकीइतकी ओळखीची होती. कोण कुणाशी भांडलं, कोण रुसून गावी निघून गेलं, हे मी असं रंगवून सांगायचो की पोरांना वाटायचं, सर तिथंच कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. पोरं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, त्यातली निम्मी पोलीस भरतीच्या नादात पहाटे मैदानावर पळून आलेली आणि वर्गात पेंगणारी. त्यांना जागं करायला मी एक खोडी शोधून काढली होती आणि तिचा मला भारी गर्व होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या गर्वामुळेच घडलं.

खोडी अशी. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या तासाला मी आधी एक कागद फिरवायचो. हजेरी समजून सगळे भराभर सह्या करायचे. कागद परत आला की वरची बारीक अक्षरातली ओळ मी मोठ्यानं वाचायचो: ‘खाली सही करणारे आम्ही दिवाळीच्या सुट्टीतही रोज तासाला येऊ.’ वर्गात एकच गोंधळ उडायचा. मग मी शांतपणे सुरू करायचो. सत्तेला अधिकार मिळतो तो ज्यांच्यावर ती चालते त्यांच्या संमतीतून, असं त्या जाहीरनाम्यात आहे. खाली छप्पन्न जणांनी सह्या केल्या, आणि राजाच्या हाती सापडले असते तर तेवढ्या सहीवर फासावर गेले असते. पुढे घटना तयार झाली तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत बसून तिघांनी सही केली नाही, कारण त्यात लोकांचे हक्क लिहिलेले नव्हते. ‘सही म्हणजे शाई नव्हे, सही म्हणजे मान,’ असं म्हणून मी स्वतःच्या मानेवर हात ठेवायचो. दरवर्षी, त्याच जागी.

एका वर्षी मात्र कागद तिसऱ्या बाकावर अडला. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, वर काय लिहेल हाये ते दिसून नाई राह्यलं. वाचल्याबिगर कशी करू?” इतक्या वर्षांत असं म्हणणारी ती एकटीच. मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तिच्यापेक्षा मीच जास्त खूश झालो होतो.

निवृत्तीनंतर मी माझ्या गावी येऊन राहिलो. वऱ्हाडातल्या धाड गावाच्या बाजूचं खेडं आहे, नाव सांगत नाही. तीच मुलगी लग्न होऊन आमच्याच गावात आलेली. सासरी दीड एकर भाजीपाला. सासू आणि ती आठवडी बाजारात एसटी थांब्यासमोर पहिल्या रांगेत मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बसायच्या. तिच्या सासूची सासूही तिथंच बसायची म्हणे. मी गेलो की ती चार गिऱ्हाइकं बाजूला सारून मला भाजी द्यायची आणि शेजारणीला सांगायची, “हे माहे सर.” मी पिशवी धरून जरा ताठ उभा राहायचो.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. ग्रामसभा भरते ती कागदावर. गणपूर्ती व्हायला शंभर माणसं यावी लागतात. येतात बारा, त्यातली चार पंख्याखाली बसायला. मग ग्रामपंचायतीचा शिपाई सभेनंतर दोन-तीन दिवस रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरतो आणि हजेरीच्या सह्या घेतो. कुणी विचारत नाही, कुणी वाचत नाही. माझ्याकडे तो सगळ्यात आधी यायचा. “सर, तुमची सही पहिली लागते. तुमची दिसली की बाकीचे गुमान करतात.” मला हे आवडायचं. मी मागच्या अंगणात चहा पीत असायचो. तो पान उघडून बोटानं जागा दाखवायचा आणि मी वळणदार सही ठोकून द्यायचो.

एकदा तर मी त्याला वर ज्ञानही पाजलं. तो सहज म्हणाला होता, “सभा तं परवाच झाली, सर.” मी म्हणालो, “काई बिघडत नाई. अमेरिकेच्या जाहीरनाम्यावर बी बहुतेकाईनं महिनाभर मांगून सह्या केल्या.” तो हसला. मी सही केली. वरच्या पानावर ठराव होते ते मी पाहिले नाहीत. मीही त्या दिवशी आमच्या वर्गातल्या पेंगणाऱ्या पोरांपैकीच एक होतो, आणि माझ्यावर हसायला समोर कुणी मास्तर नव्हता.

दीड महिन्यानं ती मुलगी घरी आली. हातात ठरावाची नक्कल होती, पंचायतीत अर्ज करून काढलेली. ठराव असा की थांब्यासमोरच्या जागेवर गाळे बांधायचे आणि भाजीवाल्यांना बाजाराच्या मागं नाल्याकाठी हलवायचं. शेवटी लिहिलं होतं, ‘उपस्थित ग्रामस्थांनी एकमताने संमती दिली.’ खाली पहिली सही माझी.

“सर, तुमी होते का त्या सभेले?”

मी नाही म्हणालो. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी तिला तीच महिनाभर मागून केलेल्या सह्यांची गोष्ट ऐकवायला लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्याईनं मांगून केली, पन काय लिहेल हाये ते त्याईले मालूम होतं नं, सर.”

मी ती नक्कल घडी करून तिला परत दिली.

ती चिडली नव्हती. तिनं पंचायत समितीत तक्रार केली होती, विस्तार अधिकारी चौकशीला येणार होते. तिचं म्हणणं एवढंच, की सभेत नव्हतो हे मी खरं सांगावं. “तुमी सांगतलं की बाकीचे बी सांगतीन. नाल्यापाशी गिऱ्हाईक येत नाई, सर. पावसाळ्यात तं उभं बी राहता येत नाई.” मी म्हणालो, “सांगतो. तू कायजी नको करू.” तिनं पायरीवर ठेवलेली मेथीची जुडी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि गेली.

चौकशीच्या दिवशी सकाळी अकराला आम्ही सह्या करणारे पंचायतीच्या हॉलमध्ये जमलो. कुणाचा दबाव होता म्हणावं, तर नव्हता. सरपंचानं मला फोनही केला नव्हता. कुणी धमकावलं असतं तर आज सांगायला निदान एक सबब तरी मिळाली असती. झालं ते एवढंच, की अधिकारी आत आले, मला पाहिलं आणि सगळ्यांसमोर वाकून पाया पडले. ते माझेच विद्यार्थी निघाले. “सर, तुमचा तो सहीचा तास मी अजून विसरलो नाही,” असं म्हणत ते जमलेल्या गावकऱ्यांकडे वळले आणि त्यांनी माझी सगळी खोडी रंगवून सांगितली, मानेवर हात ठेवण्यासकट. लोक हसले, माना डोलावल्या. सरपंचानं माझ्यासाठी हात्याची खुर्ची आणवली. माझी ती विद्यार्थिनी दाराजवळ सासूबरोबर उभी होती.

मग अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडलं. “सर, ही सही तुमची. म्हणजे तुम्ही सभेला हजर होता, असंच ना?”

त्या खुर्चीत बसून मला म्हणता आलं नाही, की बाबा रे, मी न वाचता सही केली, अंगणात चहा पिता पिता. चार शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, “सही माझी आहे.”

एरवी मी गावात वऱ्हाडीच बोलतो. त्या वेळी अगदी पुण्याच्या मराठीत बोललो. लबाडी करताना माझी भाषा फार शुद्ध होते, हे मला त्या दिवशी कळलं.

अधिकाऱ्यांनी जबाबात लिहिलं, ‘मी सभेस हजर होतो, सही माझीच आहे.’ कागद माझ्यासमोर सरकवला आणि हसून म्हणाले, “वाचून करा हं, सर.” मी चष्मा लावून वाचला. शब्द न् शब्द वाचला आणि सही केली. माझ्यानंतर बाकीचे म्हणत गेले, सरांची आहे तर आमचीही आहे. अर्ध्या तासात चौकशी संपली. मी मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं.

घरी बायकोनं विचारलं, “तिले हो म्हटलं होतं नं तुमी?” मी जेवलो नाही. त्यानंही काही फरक पडला नाही.

गाळे झाले. आता मोबाइलच्या दुकानाचा बोर्ड लागलाय तिथं. ती नाल्याकाठी बसते, प्लास्टिकचा कागद अंथरून. मी दोन बाजार टाळले, तिसऱ्याला गेलो. “या, सर,” ती म्हणाली. वांगी तोलून दिली, वर सांभार घातला. शेजारणीला मात्र तिनं काही सांगितलं नाही. मला त्या जागी उभं राहवत नव्हतं आणि निघताही येत नव्हतं. माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “तुमाले काय देऊ, मावशी?”

मग मी ठरवलं, पुढच्या वेळी रजिस्टर आलं की सही करायची नाही. शिपायाला दारातच सांगायचं, सभा भरवा, येतो. ग्रामसभेचा दिवस उजाडला. मी गेलो, तर हॉलला कुलूप. चार दिवस शिपायाची वाट पाहिली. तो आलाच नाही. पाचव्या दिवशी मीच पंचायतीत गेलो आणि रजिस्टर मागितलं. हजेरीच्या पानावर पहिली सही माझी होती. वळण तेच, खालची रेघही तशीच.

“ही मी नाई केली,” मी म्हणालो.

“मीच केली नं, सर. तुमाले कायले तरास द्याचा? मस्त जमली का नाई?”

“अरे, पन ही सही माही नाई!”

त्यानं माझ्याकडे खरंच न कळल्यासारखं पाहिलं. “मांगं साहेबाले तं तुमीच म्हटलं, सही माही हाये म्हून. तवा बी तुमी सभेले नव्हतेच नं.”

मी टेबलावरचा पेन उचलला आणि ती सही खोडली. त्यानं अडवलं नाही. मग मी पानं मागं उलटत गाळ्यांच्या ठरावापर्यंत आलो. तिथलीही पहिली सही, तेच वळण, तीच रेघ. पेन हातातच होता. पण ती माझी होती.