शिडीताईचा खांदा

कामावर सगळे तिला शिडीताईच म्हणत. छत रंगवायची वेळ आली की बाकीचे रंगारी चहाला पसार व्हायचे आणि ही बाह्या सारून शिडीवर चढलेली असायची. पन्नाशी उलटली तरी हातातला रोलर खाली आला नव्हता.

एका सकाळी मात्र हात कानाच्या वर जाईना. खांद्याच्या फऱ्यामागे कुणी स्क्रू आवळतंय अशी कळ आली. मलमं झाली, शेक झाला, पण ढिम्म फरक नाही.

"आता खालच्या भिंती रंगव. छत दे दुसऱ्याला," नवरा काळजीने म्हणाला.

"आणि शिडीवर काय कपडे वाळत घालू?"

वहिनीने तिला ओळखीच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांच्या नाड्या धरल्या. चिनी शास्त्राप्रमाणे शरीरात चैतन्याच्या वाटा असतात, त्या अडल्या की दुखतं, असं सांगून त्यांनी हातात आणि नडगीजवळ बारीक सुया टोचल्या.

"डॉक्टर, हे म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी!"

"बंब पोचतो का ते तर बघा," ते हसले.

अर्धा तास ती निपचित पडून राहिली. त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली. चार-सहा खेपांत ठणका उतरला, पण हात अजूनही कानाशीच अडे. तेवढ्यावर समाधान मानणाऱ्यातली ती नव्हती. ती फिजिओथेरपिस्टकडे गेली. ही फिजिओथेरपिस्ट मुलगी शिडीताईच्या लेकीपेक्षाही लहान होती.

"मी ड्राय नीडलिंग करते. सुई तशीच असते, पण मी वाटा नाही, स्नायूतली गाठ शोधते." तिने बोटाने चाचपून नेमकी तिथेच सुई घातली. स्नायू मासळीसारखा उसळला.

"आई गं!" दुसऱ्या दिवशी खांदा कुटून काढल्यासारखा दुखला. तिसऱ्या दिवशी मात्र हात डोक्यावर गेला.

"म्हणजे ते म्हातारे डॉक्टर खोटे?"

"झोप लागली ना तुम्हाला? मग खोटं कसं म्हणू? का बरं वाटतं, याची कारणं आम्ही दोघं वेगळी सांगतो, एवढंच. पण माझी सुईसुद्धा थोडेच दिवस आराम देते. तेवढ्यात खांद्यात ताकद आणली नाही, तर पुन्हा येरे माझ्या मागल्या."

शिडीताईने दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधला आणि रोज ओढू लागली. कधी कळ येऊन डोळ्यांत पाणी येई. एकदा तर पट्टा भिरकावून ती जमिनीवर बसकण मारून रडली. मग नाक पुसून उठली आणि तोच पट्टा पुन्हा बांधला.

वहिनी फुरंगटली. "सोडलंस ना माझ्या डॉक्टरांना?"

"सोडलं कुठे? ठणका लागला की त्यांच्याकडेच जाते. पण पट्टा माझा मलाच ओढायला हवा ना!"

पुढे एका शाळेच्या सभागृहाचं काम निघालं. छत उंच होतं. मुकादमाने विचारायच्या आत ती चढली. दुपारपर्यंत अर्धं छत झालं आणि खांदा कुरकुरायला लागला. पूर्वी तिने दात-ओठ खाऊन ते पुरं केलं असतं. आज ती स्वतःहून उतरली.

"काय ताई, दमलात?" मुकादम म्हणाला.

"दमले. उरलेलं उद्या. आणि माझ्या वाटणीला हात लावाल तर याद राखा."

दुसऱ्या दिवशी तिने ते छत पुरं केलं.