भाऊजींची समुद्रावरची ड्युटी

सुट्टी कशी घालवायची हे ज्यांना अजिबात कळत नाही अशा माणसांची निवडणूक घेतली, तर आमच्या ताईचे यजमान बिनविरोध निवडून येतील आणि निवडून आल्या आल्या कामाला लागतील. बडोद्यात बाजव्याजवळच्या रिफायनरीत त्यांनी जन्मभर शिफ्ट केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये पहाटे पाचला अंघोळ करून, भांग पाडून, बूट घालून बसतात. कुठे जायचंय विचारलं तर म्हणतात, कुठे नाही. ताई म्हणते, कंपनीने माणूस सोडला, माणसाने कंपनी कुठे सोडलीय?

अशा माणसाला घेऊन आम्ही दोघी बहिणी मागच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडला गेलो. तिथे समुद्रकाठच्या एका लहानशा गावात त्यांची मुलगी सोनल वृद्धाश्रमात नर्स आहे. आता खरं कारण सांगते. बापलेक तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भाऊजी म्हणाले परत ये, ती म्हणाली येत नाही, झालं. ताईने फोन लावला की हे बाजूला बसून पुटपुटायचे, "तिला विचार, कधी येणार." ती पलीकडून म्हणायची, "त्यांना सांग, माहीत नाही." ताईला त्या दोघांना एकदा समोरासमोर बसवायचं होतं. मला नेलं ते भांडण झालंच तर मध्ये घालायला.

सोनलने फ्रीजवर यादी लावली होती, सुट्टीत इथे काय काय करायचं त्याची. समुद्रात पाय बुडवायचे, कागदाच्या पुड्यातले तळलेले मासे खायचे, पडका किल्ला बघायचा आणि शेवटी बोटीतून सील प्राणी बघायला जायचं. तिला रजा मिळाली होती ती फक्त बोटीच्या दिवशी, बाकीचं आमचं आम्ही करायचं होतं. भाऊजींनी यादी वहीत उतरवून घेतली आणि दुरुस्तीसाठी रिफायनरीचं शटडाउन काढावं तशी सुट्टी काढायला घेतली. पाय बुडवण्यासाठी दहा मिनिटं नेमली. पाणी असं की चौथ्या मिनिटाला पाय निळे. मी म्हटलं, भाऊजी, बाहेर या, तर म्हणाले, अजून सहा बाकी आहेत. मासे खाण्याआधी वाऱ्याची दिशा बघायला गेले, कारण गॅस गळला तर कुठल्या बाजूला पळायचं हे त्यांना जेवतानाही माहीत लागतं. तेवढ्यात एका समुद्रपक्ष्याने मासा पळवला. वहीत नोंद झाली, 'पक्ष्याने मासा नेला. इजा नाही.' किल्ल्यावर तिकिटं देणाऱ्या बाईला त्यांनी ही भिंत दुरुस्तीला कधी काढताय असं विचारलं, आणि तेही गुजरातीत. आम्हा बडोद्याच्या लोकांची ही खोड आहे, उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर जो भेटेल त्याच्याशी गुजराती. बाईने तिकिटं दिली, भिंतीचं काही सांगितलं नाही.

मग बोटीचा दिवस. धक्क्याजवळ आम्ही सोनलची वाट बघत होतो. एका म्हाताऱ्या गृहस्थाने भाऊजींना दुकानाकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, आपल्या कुत्र्याचा पट्टा त्यांच्या हातात दिला आणि तो गेला. त्याच्या बोलण्यातलं अक्षरही भाऊजींना कळलं नव्हतं. पण पट्टा हातात आला, म्हणजे चार्ज आला. ते बाकावर ताठ बसले आणि कुत्र्याला म्हणाले, "बेस, दीकरा." कुत्रा बसला. त्या गावात भाऊजींचं गुजराती कळलेला तो पहिलाच.

सोनल धावत आली, अकराच्या बोटीला पाच मिनिटं उरली होती. भाऊजी समुद्राकडे बघत ताईला म्हणाले, "तिला सांग, रिलीव्हर आलेला नाही." रिफायनरीचा नियमच तसा, पुढचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. सोनल म्हणाली, मावशी धरेल ना पट्टा. तर म्हणे मावशीला चार्ज दिलेला नाही. बोट गेली. महिनोन्‌महिने थांबून मिळालेली रजा त्या पोरीची, तिचं तोंड लालबुंद झालं. मी भाऊजींना चार शब्द सुनावायला उठले, तर ताईने माझी बाही ओढली. "बस गं खाली," म्हणाली, "जाऊ दे बोट."

आम्ही दोघी मागच्या बाकावर पाठ करून बसलो, कान मात्र पुढेच. बऱ्याच वेळाने सोनल त्यांच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. मध्ये कुत्रा. भाऊजी त्याला थेपला मोडून घालत होते. सोनल कुत्र्यालाच सांगू लागली, आमच्याकडेही असंच होतं, बर्फ पडला की पुढच्या शिफ्टची नर्स येत नाही.

भाऊजींनी मान वळवली. "मग तू काय करतेस?"

"थांबते."

"किती वेळ?"

"ती येईपर्यंत. म्हाताऱ्या माणसांना कोणावर टाकून जाऊ, पप्पा?"

बोलली आणि कुत्र्याचे कान कुरवाळू लागली. तिचं तिलाच लागलं असणार, कारण तिचे स्वतःचे दोन म्हातारे तिथे हाताच्या अंतरावर बसले होते. भाऊजींना आता मैदान मोकळं होतं. तीन वर्षं साठवलेलं सगळं त्यांना त्या एका वाक्यावर ओतता आलं असतं. ताईने माझं मनगट आवळलं.

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. "चार्ज सोडायचा नसतो." आणि पट्टा तिच्या हातात दिला. "आता तू धर. मला तासाभरापासून लघवीला लागलीय."

कुत्र्याचा धनी आला तो दोन तासांनी, नाक लाल, पाय वाकडे, कोणी जुना दोस्त भेटला होता म्हणे. भाऊजींनी त्याला उभं करून शुद्ध गुजरातीत झाडलं. सोनलने भाषांतर केलं, की तुमचा कुत्रा फार गुणी आहे असं माझे वडील म्हणतात. म्हाताऱ्याने भाऊजींना मिठी मारली. सील शेवटपर्यंत कोणी पाहिले नाहीत.

आता सोनलचा फोन आला की भाऊजीच उचलतात. नर्स किती, म्हातारे किती, वारा कुठून आहे, सगळं विचारतात, ताईला तिच्या पाळीसाठी ताटकळावं लागतं. कधी येणार, एवढं मात्र ते विचारत नाहीत. पूर्वी तेवढंच विचारायचे तेव्हा ताई चिडायची. आता ते विचारत नाहीत, तर फोन ठेवल्यावर ताईच पुटपुटते, "कधी येणार."