बोअरच्या पाण्याचा रंग

वरवट बकालच्या आमच्या शाळेत गोकुळकाका प्रयोगशाळेचे शिपाई. एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, पण प्रयोग करून दाखवायचा मान काही मिळाला नाही. शनिवारी निवृत्त होणार, म्हणून अकरा वर्षं हा प्रयोग शिकवणारी मीच म्हटलं, "काका, मिठाच्या पाण्यातून करंट सोडायचा प्रयोग यंदा तुम्ही दाखवा." माणूस इतका हरखला, की पंधरा दिवस घरी सराव! शाळेच्या कुंपणावरची गोकर्णाची सगळी निळी फुलं त्यात गेली, आणि त्यांच्या बायकोच्या, गीताबाईंच्या, दोन काचेच्या वाट्याही. पोरांनी हसू नये, एवढीच धास्ती.

गुरुवारी इस्त्रीचा सदरा घालून आले. दरवर्षीसारखं बोअरचं पाणी घेतलं, मीठ विरघळवलं, गोकर्णाचा अर्क ओतला. 'करंटआधी रंग : निळा' असं मी फळ्यावर लिहूनच ठेवलं होतं.

"काका, हे तं हिरवट दिसून राह्यलं!" वैष्णवी ओरडली. वर्ग फिदीफिदी हसला. काकांनी हातातली तार खाली ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हाव, हिरवंच हाय," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "खारपाणपट्टा हाय आपला. बोअरच्या पाण्यात मिठासंगं सोडाबी हाय, त्यानं गोकर्ण हिरवं पडते. थांबा."

त्यांनी आपली प्यायची बाटली काढली, फिल्टरच्या कॅनमधून भरलेली. त्या पाण्यात मीठ, अर्क, निळंशार! मग बॅटरी जोडली. ऋण तारेपाशी बुडबुड्यांबरोबर हिरवा ढग पसरला, धन तारेपाशी निळा रंग पार उडून गेला. पोरं बाकांवर चढून बघायला लागली. आता कोणी हसत नव्हतं.

"काका, आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"अकरा वर्सांपासून मले हिरवंच दिसे, मॅडम. तुम्ही फळ्यावर निळं लिहत होता. मले वाटे, माह्येच डोळे गेले. अकोल्याले जाऊन तपासूनबी आलो. आता घरी सराव केला तवा कळलं, गडबड पाण्याची हाय."

पोथीतली वांगी म्हणतात ती हीच. पुस्तकात निळा होता, म्हणून मला अकरा वर्षं निळाच दिसला. हसू आलं आणि भयंकर लाजही वाटली. मी माझा 'निळा' पुसला आणि खडू त्यांच्या हातात दिला.

काकांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हिरवट'.