देवरावकाकांच्या पत्रिकेवरची फुली

चिपच्या कारखान्यात नेमकं काय करतेस, असं तुम्ही ब्लॉगवर नेहमी विचारता. त्याचं उत्तर मला उमरखेडमध्ये मिळालं. देवरावकाकांच्या सुनीताचा फोन आला होता, "बाबा छपाईचं दुकान बंद करून राह्यले. माह्या लग्नाची पत्रिका शेवटची, पण मोतीबिंदूनं रंग जुळत नाही. शहरात छाप म्हटलं तर ऐकतच नाहीत." मी लगेच बंगळुरूच्या कारखान्यात रजा टाकली. तांड्यावरून उमरखेडला कॉलेजात आले तेव्हा या माणसानं मला सुट्ट्यांमध्ये काम दिलं होतं.

यवतमाळहून सकाळची एसटी धरा, बायकांना तिकीट अर्धं पडतं. आर्णीला गाडी थांबते तेव्हा गरम आलूबोंडा खाऊन घ्या, पुढे रस्ता हाडं मोजतो. दोन्हीकडे कापूस फुटला होता आणि उघड्या खिडकीतून त्याचे तंतू थेट माझ्या केसांत.

दुकानाच्या दारात ओला टॉवेल तसाच लटकलेला होता. "पुस आधी!" काका आतूनच ओरडले. कापसाचा एक तंतू छपाईच्या जाळीवर बसला की अक्षर तुटतं, म्हणून इथं सगळ्यांना अंग पुसूनच आत जावं लागतं. आमच्या कारखान्यात त्यासाठीच डोक्यापासून पायापर्यंत झगा घालतात. खिडकीला पिवळा कागदही तोच होता. आमची खोलीही पिवळीच असते, कारण नक्षी उतरवायचा लेप साध्या उजेडात खराब होतो, काकांच्या जाळीवरचाही आणि आमचाही.

चहा घेताना मी त्यांना सांगितलं, "काका, आम्ही सिलिकॉनच्या चकतीवर लेप देतो. नक्षीच्या काचेतून प्रकाश पाडतो, भिंग ती नक्षी बारीक करतं. मग लेप धुतो, उघडा पडलेला भाग कोरतो. असे थरावर थर."

"म्हंजे माह्यंच काम, फक्त बारीक! अन् थर जुळवता कशानं?"

"कोपऱ्यातल्या खुणांनी. मशीन त्या शोधतं."

"माह्या कागदाच्या कोपऱ्यातल्या फुल्याच की!" काका खूश झाले.

मग मी मोठ्या ऐटीत पत्रिका छापायला बसले. पिवळा रंग झकास आला. दुपारी लाल घातला तर सुनीताचं नाव केसभर बाजूला! पुन्हा केलं, पुन्हा तेच. रोज मशीनवर केसाच्या हजारव्या भागाहून बारीक जुळवणारी मी रडकुंडीला आले.

"गठ्ठा आजच फोडला काय?" काकांनी विचारलं.

"हो."

"अवं, कागद रातभर दुकानाच्या हवेत मोकळा ठेवा लागते. नाही त हवेतली ओल पिऊन एका रंगाहून दुसऱ्या रंगापर्यंत ताणते. विसरली?"

विसरलेच होते! कारखान्यात हवा यंत्र सांभाळतं. नवा गठ्ठा फोडून पसरला आणि मी मुक्काम वाढवला. सकाळी मी फुल्या जुळवत गेले आणि शाईचं रबर काकांनी जाळीवरून ओढलं. फुलीवर फुली बसली. सुनीतानं पत्रिका डोळ्यांना लावली. काकांना ती अंधुकच दिसली असेल, पण त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि "झालं" म्हणाले.

निघताना त्यांनी मला एक पत्रिका दिली. बाकीच्यांच्या कडा फुल्यांसकट कापल्या होत्या, हिच्या नाहीत.

"फुली राहू दे," काका म्हणाले. "तुह्या मशीनले दाखवजो."

पत्रिका आता माझ्या टेबलावर आहे. कागद बंगळुरूच्या हवेत थोडा वाकलाय. काका, शिकवलंत म्हणून इथवर आले. ही फुली मी कापणार नाही.