बुडबुडेमामा आणि काकवीची बाटली

वडील ऊसतोडीला जायचे. त्यांची कंबर गेली आणि घर आईच्या रोजंदारीवर आलं. बारावीनंतर माझं शिक्षण थांबणार हे जवळपास ठरलंच होतं. तेवढ्यात जालन्याचा मामा घनसावंगीला आला. म्हणाला, "पोरगी मी नेतो. कॉलेजात घालतो." मामाची इस्टेट काय, तर रंगीत माशांचं बोळातलं दुकान!

गल्लीत त्याला बुडबुडेमामा म्हणत. गिऱ्हाईक आलं की तो आधी हात वर करायचा, "थांबा, येऊन राह्यला." टाकीतला बुडबुडा वर येऊन फुटला की मगच, "हां, बोला." वीजबिलवालासुद्धा एकदा मुकाट उभा राहिला होता.

या बुडबुड्यांमागे कारण होतं. एका डॉक्टरीणबाईंनी नव्या दवाखान्यासाठी खऱ्या झाडांची टाकी सांगितली होती. त्या पैशांतून माझी फी भरायची होती, आणि झाडं तर पिवळी पडत चाललेली. झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पण त्याचा सिलिंडर पुण्याहून आणावा लागे, आणि खर्च ऐकूनच मामा खाली बसला. तिथल्याच दुकानदारानं मग फोनवर घरगुती उपाय सांगितला : बाटलीत साखर, पाणी, चिमूटभर यीस्ट, झाकणातून नळी थेट टाकीत.

मामानं बेकरीतून यीस्ट आणलं, कंपाउंडरकडून सलाईनची नळी आणली. साखरेच्या जागी मात्र गावाकडची काकवी ओतली, पार गळ्यापर्यंत. "आपण उसाची माणसं. साखर कशाला घालायची?"

दुपारी काकवी फसफसली आणि फेस नळीतून टाकीत उतरला. पाणी चहासारखं, मासे वर तोंड काढून, बोळभर आंबूस वास. शेजारचा शिंपी डोकावला, "मामा, एकट्यानंच?" माळकरी मामा गळ्यातली माळ धरून शपथा घेऊ लागला. मामी म्हणाली, "माशांला पाजली, आता चकणा बी द्या!"

आम्ही घाईनं मासे ताज्या पाण्यात सोडले. मामा ओट्यावर बसला. "बाईंला न्हाई म्हणून सांगतो. पोरीचं कॉलेज गेलं माझ्यापायी."

"दूध काठोकाठ भरून चुलीवर ठेवलं तर उतू न्हाई जाणार तर काय?" मामी म्हणाली. "बाटली वरून रिकामी ठेवा. अन् माझ्या डब्यातली साखर घ्या. मंग बघा." तिनं डबा आणून त्याच्यासमोर आपटला.

त्यानंतर फेस वर चढला नाही. नळीतून सावकाश बुडबुडे येऊ लागले, आणि काही दिवसांत झाडांना पोपटी पालवी फुटली. मामा प्रत्येक पान मला बोलावून दाखवायचा. "झाडं बी दम घेतात, पोरी. आपण जरा बाटली धरायची, बस."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हा बाईंनी टाकी घेतली, फी भरली गेली, आणि मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली.