जिन्यातली सुकट

आज सुकट भाजताना शेजारी वास जाऊ नये म्हणून सुनेने खिडकी लावली आणि मला गोडदेवची आमची जुनी तळमजल्याची खोली आठवली. दोन हजार पाचचा जुलै होता, घरात मांडीभर पाणी. नातवंडं वरच्या शेजारणीकडे पाठवून मी पावसाळ्यासाठी भरलेला सुकटीचा डबा डोक्यावर घेऊन जिना चढले.

शेजारीण दारातच म्हणाली, "माँजी, आप आओ. डब्बा नहीं."

"तो मैं भी नहीं."

मुलगा चिडला. "आई, डब्यासाठी जिन्यात बसणार?"

"बसणार. स्टोव्ह घेऊन ये."

जिन्यातच सुकट भाजली. वासावर नातवंडं खाली आली, माझ्याजवळ बसून जेवली. तेव्हा मला फार राग आला होता. आता राग नाही. घर तिचं होतं. पण जिना सगळ्यांचा होता.

आणि हे घर माझं आहे. उठले, खिडकी सताड उघडली.