अप्पांचा स्लॅब पडणार!

हे कुणाला सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. पण आता चहा ओतलाच आहे, तर ऐका. फक्त हसायचं नाही हं!

मी धाराशिवला एका कार्यालयात नकाशे करते. मध्यंतरी लोहारा भागात जमीन जराशी हलली. मोठं काही नव्हतं. पण तिकडं एवढंसं हललं तरी जुन्या भूकंपाच्या आठवणीनं लोक अंथरुणं घेऊन अंगणात येतात. म्हणून आम्ही गावांवर ड्रोन फिरवून फोटो काढले. माझं काम काय? जुना फोटो डावीकडं, नवा उजवीकडं, आणि एकेक घर न्याहाळून नकाशात रंग भरायचा. शाबूत तर हिरवं, भेगा असतील तर पिवळं, पडझड असेल तर लाल.

दोन दिवस नुसतं हिरवंच! तिसऱ्या दिवशी माकणीजवळच्या एका गावात एक घर दिसलं आणि मी खुर्चीत सरळ झाले. जुन्या फोटोत पत्रे. नव्या फोटोत पत्रे गायब! त्या जागी फळ्या, उघड्या सळया, भोवती खडीचे ढीग. म्हणजे मधे कधीतरी स्लॅब टाकला असणार आणि आता त्याचं सिमेंट गळून सळया उघड्या पडल्या! पण सगळं गाव शाबूत, मग हे एकच घर कसं?

मला राहवतंय होय! कार्यालयातल्या गावच्या यादीत घरमालकाचा नंबर होता. सिद्रामअप्पा. लावला फोन.

“अप्पा, तुमच्या घराचा स्लॅब पडला की काय?”

“न्हाय, अजून कुठं! बेस्तरवारी पडणार. सकाळी धाला.”

वेळेसकट!

“अहो, टेकू तरी लावलेत का?”

“लावलेत की! चाळीस.”

“अप्पा, तुम्हाला भीती नाही वाटत?”

“भीती कशाची? लई वर्षं वाट बघितली बाई याची. तुमी बी या, जेवायलाच या!”

बिचारे! धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला असणार. मी नकाशात लाल रंग भरला, साहेबांना सांगितलं, घर कोसळायला आलंय. आणि गुरुवारी सकाळी निघाले. सोबत भोंगा, आणि गाडी चालवायला रशीदभाई.

पोचलो तर काय! यंत्र धडधडतंय, जमीन थरथरतेय आणि वीस-पंचवीस माणसं चक्क त्या घराच्या वर! मी गाडीतूनच भोंग्यात ओरडले, “खाली उतरा! स्लॅब पडणार आहे!”

“व्हय व्हय, पडणारच!” वरून आनंदानं उत्तर आलं. “या, तुमी बी एक घमेलं घ्या!”

तेव्हा कुठं मला काँक्रीटचा मिक्सर दिसला.

भोंगा कशाला आणला ते ऐकून अप्पा हसता हसता खडीच्या ढिगावर बसले. त्यांच्या बायको, पार्वतीकाकू, मात्र हसल्या नाहीत. जुन्या भूकंपात त्यांचं माहेरचं घर गेलं होतं. तेव्हापासून त्या पत्र्याशिवाय कशाखाली झोपल्या नव्हत्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “तुमी वरनं समदं बघता. खरं सांगा, ह्यो टिकंल ना?”

मी त्यांना खांब दाखवले, भिंतींतून फिरवलेले काँक्रीटचे पट्टे दाखवले. मग टॅबवर गावातली तशीच बांधलेली घरं दाखवली. सगळी हिरवी. काकूंनी एकेका घरावर बोट ठेवून ते कुणाचं, हे विचारून घेतलं.

“मग आमचंच तांबडं का?”

मी तिथंच लाल पुसला, ओढणी कमरेला खोचली आणि घमेलं उचललं.

परतताना रशीदभाईंनी गाडीतला आरसा माझ्याकडं वळवला. मग हळूच म्हणाले, “मॅडम, एक विचारू? गेल्या वर्षी तुमच्या घराचा स्लॅब पडला, तेव्हा ऑफिसात पेढे कुणी वाटले होते?”